बोरकुटे काकांच्या गाडीचं उलटं सील

गाडीखाली तेलाचा डाग दिसला की माणसं माझ्या गॅरेजमध्ये ज्या चेहऱ्यानं येतात, तो चेहरा मी गेली पंचवीस वर्षं पाहतो आहे. घरातलं कोणीतरी आजारी आहे आणि डॉक्टर काय सांगतील याची भीती वाटते आहे, असा तो चेहरा. आवाजही खाली आलेला असतो. सदर बाजारातले एक कापडाचे व्यापारी तर डाग सोबत घेऊन आले होते. गाडीखाली पुठ्ठा ठेवून त्यावर रात्रभराचे थेंब गोळा केले होते आणि तो पुठ्ठा साडीच्या खोक्यात घालून, वर टिश्यू पेपर लावून माझ्यासमोर उघडला. मीही तो उजेडाकडे धरला, वास घेतला, अंगठ्यानं चोळून पाहिला आणि गंभीरपणे विचारलं, "गाडीत एसी लावता?" ते म्हणाले, "हो." मी म्हटलं, "मग हे पाणी आहे सेठजी. धूळ मिसळून काळं झालं आहे." त्यांचा इतका विरस झाला की मला त्यांचं काहीतरी बिघडवून द्यावंसं वाटलं.

मी मूळचा रायपूरचाच. वडील विदर्भातून नोकरीसाठी आले आणि इथेच राहिले. आमच्या ओळखीच्या मराठी घरांतली पोरं रेल्वेत, बँकेत, सरकारी कचेरीत चिकटली. मी एकटा ग्रीसमध्ये उतरलो. हळदीकुंकवाला जमलेल्या बायका माझ्या आईला दबक्या आवाजात विचारायच्या, "प्रमोदचं काही लागलं का कुठे?" आई म्हणायची, "लागलं ना. हातापायाला काळं लागलं." पुढे राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, घरोघरी गाड्या आल्या, आणि त्याच बायकांचे यजमान सकाळी सकाळी तेलीबांध्याला माझ्या गॅरेजच्या शटरसमोर उभे राहू लागले. आई हे बघायला होती, याचा मला फार आनंद आहे.

आता माझी विद्या काय आहे ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढची फजिती नीट कळेल. इंजिनातलं तेल जिथे टपकतं तिथून ते गळत नसतं. गळतं वर कुठेतरी. मग ते इंजिनाच्या अंगावरून ओघळतं, गाडी पळताना वाऱ्यानं मागे सरकतं आणि जिथे खाली उतरायला जागा मिळेल तिथून जमिनीवर पडतं. त्यामुळे थेंबाच्या बरोबर वर बघून पार्ट बदलणारा मेकॅनिक गिऱ्हाइकाला पुन्हा पुन्हा भेटतो. माझी रीत वेगळी होती. आधी इंजिन डिझेलनं धुवायचं, हवा मारून कोरडं करायचं, मग त्यावर तोंडाला लावायची पावडर भुरभुरायची. मी स्वस्तातली गुलाबाच्या वासाची पावडर वापरत असे. असं सजवलेलं इंजिन घेऊन तेलीबांध्याच्या तलावाला दोन फेऱ्या मारायच्या आणि परत येऊन बॉनेट उघडायचं. पांढऱ्या पावडरीवर ओली काळी रेघ उमटलेली असते. ती रेघ वर जिथे सुरू होते तिथे चोर.

हे मी गिऱ्हाइकासमोर करायचो, आणि साधेपणानं कधीच करायचो नाही. बॉनेट उघडण्याआधी एक क्षण थांबायचो, लोकांकडे बघायचो, मग पडदा वर करावा तसं बॉनेट वर करायचो. शेजारचा पंक्चरवालाही काम सोडून यायचा. "तेल गळतं? प्रमोदकडे न्या," असं आमच्या रायपूरच्या मराठी घरांमध्ये म्हणत. माणसाचं डोकं फिरायला एवढं पुरतं.

बोरकुटे काका माझ्याकडे आले ते याच कीर्तीमुळे. ते रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते, वाफेच्या इंजिनापासून डिझेलपर्यंत सगळं हाताखालून गेलेलं. निवृत्त झाल्यावर चौबे कॉलोनीतल्या आपल्या घरी त्यांनी एक छोटी पांढरी जुनी गाडी घेतली. रेल्वेच्या माणसाला आयुष्यभर पास असतो, त्यामुळे काकूंना त्यांनी कुठेही नेलं ते आगगाडीतून. काकूंचं माहेर भंडाऱ्याजवळच्या एका गावात. स्टेशनला उतरायचं, पुढे बस, बस सोडते तिथून बैलगाडी नाहीतर पाय. पस्तीस वर्षं काकू महालक्ष्म्यांना माहेरी अशाच गेल्या, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात लाडवांचा डबा. काकूंच्या वहिनींच्या बहिणी मात्र नागपूरहून गाडीतून उतरायच्या. काकू त्याबद्दल कधी काही बोलल्या नाहीत. पण काकांनी गाडी घेतली त्या संध्याकाळी त्या एवढंच म्हणाल्या, "यंदा महालक्ष्म्यांले यातच जाऊ."

महालक्ष्म्यांना दीड महिना होता तेव्हा पोर्चमध्ये पहिला थेंब पडला.

पोर्चमध्ये काकूंनी नुकत्याच पांढऱ्या टाइल्स बसवून घेतल्या होत्या. काका गाडी घेऊन आले, मी पावडर लावली, तलावाला फेऱ्या मारल्या, बॉनेट उघडलं. रेघ अगदी वरून निघाली होती. इंजिनाच्या डोक्यावर एक झाकण असतं, त्याखालचं रबरी पॅकिंग कडक झालं होतं. दहा मिनिटांचं काम. नवीन पॅकिंग टाकलं, कमी झालेलं तेल भरलं. काका माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आमच्या शेडमध्ये असतास तर तुले मीच घडवला असता."

आठ दिवस गाडी कोरडी राहिली. नवव्या दिवशी फोन आला, काकूंचा. "काहून रे प्रमोद, तू पॅकिंग बदललं का पावडरच लावून पाठवली?"

मी पुन्हा पावडर लावली. या वेळी रेघ खालून निघाली, इंजिनाच्या पुढच्या टोकाला फिरणारा दांडा बाहेर येतो तिथल्या सीलमधून. हे सील म्हणजे रबराची एक बांगडी, दांडा फिरू देते पण तेल अडवते. मी ते बदललं आणि गाडी जुनी असली की एकेक सील असं जातंच, हे काकांना समजावून सांगितलं. काका मान डोलावत होते, पण माझ्याकडे जरा दयेनं बघत होते असं मला वाटलं. त्या नजरेचा अर्थ मला फार पुढे कळला.

आठ दिवस कोरडी. नवव्या दिवशी थेंब.

आता मी पेटलो. पावडरीवर रेघ आली ती मागच्या सीलपाशी, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात तिथे. हे सील बदलायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. पूर्ण दिवसाचं काम. मी ते रविवारी केलं, एकट्यानं. त्या दिवशीची एक गोष्ट इथे कबूल करून टाकतो. काम सुरू करण्याआधी मी इंजिनातलं जुनं तेल काढायला खाली तसराळं ठेवलं. त्या तसराळ्यात मी शेकडो वेळा याच जातीच्या गाडीचं तेल काढलं होतं आणि नेहमी वर चार बोटं जागा उरायची. त्या दिवशी तसराळं भरलं, काठावरून वाहिलं आणि माझ्या चपलेखाली आलं. कुठल्याही शहाण्या माणसानं तिथे थांबून विचार केला असता. मी काय केलं? तसराळं उचलून पाहिलं, त्याच्या बुडाला पोचा आला होता, तेव्हा मी ठरवलं की पोच्यामुळे तसराळं लहान झालं आहे. मग नवीन सील बसवलं, कंपनीच्या मापानं नवीन तेल भरलं आणि गाडी दिली.

नवव्या दिवशी काकू स्वतः आल्या. रिक्षातून उतरल्या, गॅरेजमध्ये गिऱ्हाइकासाठी ठेवलेल्या खुर्चीवर बसल्या आणि पंख्याचा वारा घेत माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना पाणी द्यायचंही मला सुचेना.

"महालक्ष्म्या आल्या बारा दिवसांवर," त्या म्हणाल्या. "मी आगगाडीचं रिझर्वेशन करून आली."

"काकू, मला अजून एक संधी..."

"ऐक. एक तर ते इंजिन बिघडलेलं आहे, नाहीतर यायनं काही बिघडवून ठेवलं आहे. चाळीस वर्षं लोको शेडची इंजिनं खोलली, यायचा हात शांत राहात नाही. तू शोधून काढ. इंजिनाचं दुखणं असंल तर रिझर्वेशन रद्द करते, गाडीनं जाते. पण यायनं केलेलं निघालं तर किल्ली माझ्यापाशी, आणि गाडी भाच्याले भिलाईला. मग हे बसतीन घरी. रस्त्यात तेल सांडत मले माहेरी जायचं नाही."

"काका काय म्हणतात?"

"काय म्हणतीन? प्रमोद मेहनती पोट्टा आहे म्हणतात."

म्हणजे आता प्रश्न माझ्या नावाचा तर होताच, पण काकांच्या गाडीचाही होता, आणि काकूंच्या माहेरच्या रस्त्याचाही. मी सकाळी घरी येतो म्हणून सांगितलं. गाडी गॅरेजमध्ये माझ्याशी खरं बोलत नव्हती. ती घरी काय करते ते बघायचं ठरवलं.

सकाळी साडेसहाला मी चौबे कॉलोनीत पोहोचलो. तिथल्या जुन्या घरांची तेव्हा एक कथा होती. राजधानी झाल्यापासून रस्ते इतक्या उत्साहानं होत होते की प्रत्येक वेळी जुन्या रस्त्यावरच नव्याचा थर चढायचा. दर दोन वर्षांनी रस्ता वीतभर उंच व्हायचा आणि घरं होती तिथेच राहायची. बोरकुट्यांचं फाटक एकेकाळी रस्त्याच्या वर होतं, आता खाली गेलं होतं. म्हणून टाइल्स बसवताना काकूंनी फाटकापासून व्हरांड्यापर्यंत चांगला उतार करून घेतला होता. त्या उतारावर गाडी उभी होती, तोंड वर रस्त्याकडे, शेपूट खाली व्हरांड्याकडे, मागच्या चाकांना विटा लावलेल्या. काका गाडी नेहमी उलटी आत घेत. इंजिनाचं तोंड निघायच्या दिशेला असलं पाहिजे, ही शेडची शिस्त.

मी फाटकाशी पोहोचतो तोच काका बाहेर आले. अंगात खाकी शर्ट, खांद्यावर फडकं, हातात लांब चोचीची पत्र्याची कुप्पी. त्यांनी मला पाहिलं नाही. बॉनेट उघडलं, दोन्ही हात जोडून इंजिनाला नमस्कार केला. मग तेल मोजायची पट्टी काढली, फडक्यानं पुसली, पुन्हा आत घातली, बाहेर काढली आणि उजेडाकडे धरली. जिभेनं एकदा च्च केलं. आणि कुप्पीची चोच इंजिनात घालून, आईनं तान्ह्याला पाजावं तसं, हळूहळू तेल पाजायला सुरुवात केली.

"काका," मी म्हटलं.

ते दचकले नाहीत. "ये, ये. आज लवकर? चहा घे."

"हे तुम्ही रोज करता?"

"रोज. शेडमध्ये चाळीस वर्षं केलं. इंजिन उपाशी बाहेर काढायचं नाही." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुले बोलणार नव्हतो, पण आता पाहिलंच तू तर सांगतो. तू तेल कमी टाकून राहिला. प्रत्येक वेळी. गाडी तुझ्याकडून आली का दुसऱ्या दिवशी पट्टीवर तेल खालच्या खुणेलाही लागत नाही. मी म्हटलं, जाऊ दे. पोट्टा मेहनती आहे, एखादा लिटर मारला तर मारला. महागाई आहे. मी गुपचूप भरून काढतो."

मी तिथे फाटकाला धरून उभा राहिलो. गेला महिनाभर हा माणूस मला तेलचोर समजत होता आणि मनातल्या मनात माफ करत होता. गॅरेजमधल्या त्या दयेच्या नजरेचा खुलासा आता झाला.

"काका, गाडी वर रस्त्यावर घ्या," मी म्हटलं. "सपाट जागेवर."

त्यांनी गाडी वर घेतली. तेल खाली बसायला दहा मिनिटं द्यावी लागतात, तोवर काकूंनी चहा आणून दिला आणि त्या आत गेल्या. मग मी काकांच्याच हातानं पट्टी काढवली. वरच्या खुणेच्याही वर दोन बोटं तेल. काकांनी पट्टी पुसून पुन्हा घातली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच आलं तेव्हा त्यांनी मला विचारलं,

"रस्त्यावरचं माप काहून वेगळं आलं?"

मी बशीत चहा ओतला आणि बशी त्यांच्यासमोर तिरकी केली. चहा एका काठाला गेला, दुसरा काठ कोरडा पडला. "पट्टी पुढच्या काठाला आहे," मी म्हटलं. एवढंच पुरलं. लोको शेडच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. उतारावर गाडी नाक वर करून उभी, तेल मागे गेलेलं, पट्टी कोरडी. काका रोज ओतणार. आठ दिवसांत लिटरभर जास्त. मग आत फिरणारा दांडा त्या तेलात बुडून त्याचा फेस करणार, आत दाब चढणार, आणि तेल जिथलं रबर सगळ्यात लेचंपेचं असेल तिथून बाहेर येणार. मी एक सील बदललं की ते दुसरं शोधणार. पहिला थेंब तेवढा खरा होता, जुन्या पॅकिंगचा. तो पाहूनच काकांनी कुप्पी बाहेर काढली होती. त्यानंतरचं सगळं दुखणं काकांनी पाजलेलं आणि मी न ओळखलेलं. पट्टी बघणं ही आमच्या धंद्यातली पहिली इयत्ता. मी रोज बघत होतो पावडर.

काका रस्त्याच्या कडेला बसले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे मीच."

त्याच वेळी काकू फाटकात आल्या. "काय सापडलं?"

काका उठून उभे राहिले. शर्ट खाली ओढला. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि मला समजलं, हा माणूस आता खरं सांगणार. शेडमधले लोक चूक लपवत नाहीत. आणि खरं सांगितलं की किल्ली गेली, गाडी भिलाईला आणि काकू आगगाडीत.

"अगं मंदा, ते मी..."

"सील उलटं बसवलं," मी मध्येच म्हणालो, आणि माझा आवाज गॅरेजमध्ये बॉनेट उघडतानाचा होता, हे मी मान्य करतो. "मीच बसवलं काकू. मागचं सील. त्याची एक बाजू आत यायला पाहिजे, ती बाहेर आली. नवशिक्याची चूक. मला सांगायला लाज वाटते."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. "म्हणजे यायचा काही दोष नाही?"

"रत्तीभर नाही. उलट काकांनीच मला वाट दाखवली."

पुढची दहा मिनिटं मी जे ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, कारण दिवाळी अंक घरात सगळे वाचतात. माझ्या आईनं मला शिकवलं कशाला, माझ्या पावडरीचं काय करायचं आणि मेकॅनिक म्हणवून घेणाऱ्यांना रेल्वेत रूळ पुसायला तरी ठेवतील का, असे तीन भाग होते. काका मधे बोलायला गेले की काकू म्हणत, "तुम्ही गप बसा. तुमचा स्वभाव साधा म्हणून लोक फसवतात." मग मी गाडीखाली झोपलो, जादा तेल काढलं आणि काकूंचा विश्वास बसावा म्हणून तासभर तिथेच पान्यानं इकडेतिकडे टकटक करत राहिलो. गिअरबॉक्स न उतरवता मागचं सील सरळ करणारा मी जगातला एकमेव मेकॅनिक असेन.

बाहेर निघालो तर काकू म्हणाल्या, "रिझर्वेशन रद्द करते. पण तूही चल आमच्यासंग. रस्त्यात पुन्हा उलटं झालं तर?"

म्हणून मी महालक्ष्म्यांना बोरकुटे काकूंच्या माहेरी गेलो. मागच्या सीटवर, एका बाजूला पाना-पेटी, दुसऱ्या बाजूला लाडवांचा डबा. काका चाळीसच्या पुढे जायला तयार नव्हते. रेल्वेत ड्रायव्हर सिग्नल मोठ्यानं म्हणतो आणि सोबतचा तोच परत म्हणतो, कुणी डुलकी घेऊ नये म्हणून. काका ड्रायव्हर नव्हते, पण ही हौस त्यांनी आज पुरवून घेतली. राजनांदगावच्या चौकात ते गरजले, "सिग्नल हिरवा." काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "हिरवा." मागून ट्रकवाला हॉर्न मारत होता आणि आम्ही तिघे खात्री करून मग निघालो. देवरीला चहासाठी थांबलो तेव्हा काकांनी पंधरा मिनिटं सपाट जागा शोधली आणि पट्टी बघितली. तेल बरोबर खुणेवर होतं. त्यांनी मला पट्टी दाखवली, मी मान हलवली. काकूंनी विचारलं, "काय पाहून राहिले?" काका म्हणाले, "याचं काम तपासून राहिलो."

गावाच्या अलीकडे एका झाडाखाली काकूंनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरल्या, पदर नीट केला, पुन्हा बसल्या. गाव आलं तेव्हा म्हणाल्या, "हॉर्न वाजवा." काकांनी वाजवला. "अजून वाजवा." मग घरापर्यंत तो थांबलाच नाही. दारात वहिनी, त्यांच्या नागपूरच्या बहिणी, शेजारपाजार सगळं जमलं. काकू दार उघडून, एक पाय आधी, मग दुसरा, अशा सावकाश उतरल्या. लाडवांचा डबा मी मागून धरून आणला. "हा प्रमोद," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "यानंच सील उलटं बसवलं होतं. पण वळणावर आला आहे."

दुसऱ्या दिवशी जेवणाची पंगत बसली. आंबील, कढी, भरड्याचे वडे, पुरणपोळी. मी जिथे बसलो तिथून कानावर सारखं 'उलटं सील' येत होतं. वाढणाऱ्या बायका माझ्या पानाशी आल्या की हसू दाबत आणि एक पोळी जास्त टाकत. काकांना ते असह्य झालं असावं. त्यांनी हातातला घास खाली ठेवला आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "खोटं आहे ते. सील सरळ होतं. तेल मीच रोज जास्त टाकत होतो. या पोट्ट्यानं माझ्यासाठी स्वतःवर घेतलं."

काकू तुपाची वाटी घेऊन उभ्या होत्या, तिथेच थांबल्या.

मग काकूंचे भाऊ वामनराव, सत्तरीचे, पाटावरून काकांकडे वळले आणि भरल्या आवाजात म्हणाले, "पाहा. याले म्हणतात मन. मेकॅनिकची चूक आपल्या अंगावर घेतली जवाईबुवांनी, भर पंगतीत." बाकीच्यांनी माना हलवल्या. सासुरवाडीत जावयाची चूक असूच शकत नाही, हे कुणाला सांगावं लागत नाही. काका म्हणाले, "नाही हो, खरंच मी..." वामनराव म्हणाले, "पुरे भाऊजी. तुमचा मोठेपणा आमाले माहीत आहे." आणि काकूंनी काकांच्या पोळीवर तुपाची धार धरली ती वाटी रिकामी होईपर्यंत. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी खांदे उडवले. त्यांनी घास उचलला आणि तिसऱ्यांदा काही सांगितलं नाही.

जेवणं झाल्यावर मी ओसरीवर पान खात बसलो होतो. गावातले एक गृहस्थ माझ्याशेजारी येऊन टेकले. त्यांची जीप होती.

"तुम्ही रायपूरचे मेकॅनिक ना?"

"हो."

"आमच्या जीपमधून तेल गळून राहिलं. दोन महिने झाले."

मी पाना-पेटीकडे हात नेला.

"नाही, नाही, तुम्ही हात नका लावू," ते घाईनं म्हणाले. "फक्त कोणाले दाखवू तेवढं सांगा. चांगला माणूस."

क्षणभर मला माझं तेलीबांध्याचं गॅरेज, इतकी वर्षं आणि गुलाबाच्या वासाचे सगळे डबे आठवले. मग मी ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बोट केलं. तिथे काका पाय पसरून सुपारी कातरत होते. "त्यांना दाखवा," मी म्हटलं. "त्यांच्याइतकं या दुखण्यातलं कुणाला कळत नाही."

काका उठले. बाह्या दुमडल्या. जीप बांधावर एका अंगानं कलती उभी होती. तिच्याभोवती त्यांनी एक चक्कर मारली, तोवर मागे वीसेक माणसं गोळा झाली होती. वामनराव खुर्ची घेऊन आले. काकू दारात उभ्या राहिल्या. काका बॉनेटवर हात ठेवून थांबले, सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि लोको शेडच्या आवाजात म्हणाले, "पहिले ही गाडी सपाट जागेवर घ्या."

मी पट्टी पुसायचं फडकं घेऊन त्यांच्या मागे उभा राहिलो.